हळदीकुंकवाची सतरंजी

मी मंगळवार पेठेतल्या माईंची सतरंजी बोलतेय. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, चांगली दणकट, वीसएक बायका सैल बसतील एवढी. आता पट्टे विटलेत, एका कडेचे धागे सुटलेत, पण बोलायला काही अडत नाही.

माझा जन्म तुरुंगातला. कैद्यांनी मला मागावर विणलं आणि दिवाळीच्या विक्रीत माईंनी उचललं. माई तेव्हा नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. रिक्षात पायाशी ठेवून त्यांनी मला घरी आणलं, पुढच्या खोलीत अंथरलं आणि म्हणाल्या, "हिच्यावर आता स्त्रीवादी बायकांची बैठक बसेल." मला तो शब्द नवा होता, पण माईंच्या तोंडून ऐकायला बरा वाटला.

पेठेला मात्र नाही वाटला. माई दारोदार फिरून बोलावणं करून आल्या, तर कुणी फिरकलंच नाही. "घरं फोडायचं काम हाय ते," सासवा म्हणाल्या. नवरे नुसतेच हसले. पहिल्या बैठकीला माई एकट्या माझ्यावर बसल्या होत्या आणि स्वयंपाकघरात चहाचं पातेलं गार होत होतं.

मग माईंनी युक्ती काढली. संक्रांतीला हळदीकुंकवाचं आमंत्रण धाडलं. झालं! तीच पेठ, त्याच सासवा, पण सुना नटूनथटून हजर. हळदीकुंकवाला जाऊ नको असं कोण म्हणणार? तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, की माई दाराला कडी घालायच्या आणि खरा विषय काढायच्या. सातबाऱ्यावर बाईचं नाव, घरातली मारहाण, पोरींची शिक्षणं. नियम एकच, इथलं बोलणं घरी काढायचं नाही. घरी फक्त वाणाचं बोलायचं. 'स्त्रीवादी' हा शब्द तर माईंनी बाहेर उच्चारायचाच सोडून दिला.

ते दिवस फार छान गेले. माझ्यावर बायका पोट धरून हसल्या, हमसून रडल्या. माणसांची एक गंमत सांगते. नवीन आलेली बाई आधी कडेला टेकते, मग बोलता बोलता सरकत मध्यावर येते. मला ते सरकणं फार आवडायचं.

पण माझ्यावर नवरा गेलेली बाई कधी बसली नाही. आमंत्रणच हळदीकुंकवाचं, ती येणार कशी? माईंसारख्या हुशार बाईच्या हे कधी ध्यानातच आलं नाही.

भिंतीपलीकडच्या घरात स्वप्नाली होती. गारगोटीकडं तिचं सासर. नवरा कृष्णात अपघातात गेला आणि ती लहान पोरीला घेऊन भावाकडं आली. तिची वहिनी अस्मिता आमच्या प्रत्येक हळदीकुंकवाला यायची. त्या वेळी स्वप्नाली घरी पोरं सांभाळायची, भाकरी थापायची. आमचं हसणं तिला भिंतीतून ऐकू जात असणार.

एका संक्रांतीला माई तळमळून बोलल्या. "नवरा गेला तरी त्याचा वाटा बायकोचा आणि लेकरांचा असतो. दिरानं कागद पुढं केला, तर कुणाला तरी दाखवल्याशिवाय सही करायची नाही." अस्मिता अगदी मधोमध बसून ऐकत होती. पुढचं मला मागाहून बायकांच्या बोलण्यातून कळलं. ती घरी गेली. स्वप्नालीनं विचारलं, "वाण काय मिळालं?" अस्मिता म्हणाली, "चहाची गाळणी." पुढचं काही बोलली नाही. नियम म्हणजे नियम.

त्याच आठवड्यात दीर आला. "वैनी, वारसाची नोंद करायची हाय, एक सही लागतीया." स्वप्नाली विश्वासानं त्याच्याबरोबर गारगोटीला गेली आणि सही करून आली. तो कागद जमिनीवरचा हक्क सोडल्याचा होता.

हे तिला कळलं आणि अस्मितानं संक्रांतीचं बोलणं तिच्यापाशी कबूल केलं, तोवर चैत्र उजाडला होता. माझ्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, कैरीची डाळ वाटली जात होती. स्वप्नाली दारात येऊन उभी राहिली.

"माई, कागदावर सही करू नका, असं तुम्ही संक्रांतीला सांगितलं हुतं म्हणं?"

"हो गं."

"मग मला का न्हाय सांगितलं? मधी एक भिंतच हाय की."

माईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. "अगं, हळदीकुंकू होतं ते..." त्या म्हणाल्या.

"व्हय, ते ठाव हाय मला. पर आत बायकांचंच बोलणं चाललं हुतं न्हवं? मग मी बाई न्हाय व्हय?"

अस्मिता खाली मान घालून रडायला लागली आणि स्वप्नाली निघून गेली.

माईंनी वकील गाठला, दावा घातला. तारखा पडताहेत. तिकडं दिरानं कृष्णातच्या वाट्याच्या रानात ऊस लावलासुद्धा.

त्यानंतर माई पुन्हा दारोदार गेल्या. "स्त्रीवादी बैठक आहे. हळदीकुंकू नाही. सवाष्ण, विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, सगळ्यांनी यायचं."

अस्मिता म्हणाली, "माई, त्यो शब्द कशाला? कुणी यायचं न्हाय."

"लपवला म्हणून तर ही वेळ आली, अस्मिता."

ती बैठक आज आहे. एरवी खोली फुलायची, आज पाचसहाजणी. त्यांत मागच्या गल्लीतल्या बयाबाई आहेत. नवरा जाऊन त्यांचा जन्म लोटलाय. त्यांच्यामागून स्वप्नाली आली. दोघी उंबऱ्याच्या आत, नुसत्या फरशीवर बसल्या.

"वर या की, सतरंजीवर," माई म्हणाल्या.

"असू दे माई, हितंच बरं हाय. आमाला सवय हाय," बयाबाई म्हणाल्या. स्वप्नाली फरशीकडं बघत राहिली.

माई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. अस्मिता उठली. मग एकेक करत सगळ्याच गेल्या.

आता त्या तिकडं दारापाशी आणि मी इकडं, रिकामी. स्वप्नाली सहीचं सांगतेय, आवाज बारीक आहे, मला नीट ऐकूही येत नाही. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? फरशी गार आहे. बयाबाईंचं वय झालंय, माईंचे गुडघे दुखतात. बायांनो, मी काही इथं खिळलेली नाही. दोघींनी दोन टोकं धरली तरी पुरे. मला तिकडं ओढा की गं.