खालच्या वर्गाची टेप

मी टेपरेकॉर्डर आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझे झाकण रबरबँडने बांधलेले तुम्हाला दिसतेच आहे. माझ्यात आवाज भरायचा असेल तर लाल बटण आणि त्याच्या शेजारचे काळे बटण एकदम दाबावे लागते. एकच दाबले तर मी ढिम्म हलत नाही. स्वभावच तसा, त्याला आता औषध नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एकीने मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या तपासनीस बाईने मला विचारले, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" मी तिचाच प्रश्न तिला परत ऐकवला. ती हसली आणि तिने खोक्यावर शिक्का मारला. मित्रांनो, एवढ्या कौतुकावर मी पुढे बरीच वर्षे काढली.

हायस्कूलमध्ये आलो तेव्हा माझी चंगळ होती. भाषेचे शिक्षक मला टेबलावर मधोमध ठेवत आणि सगळा वर्ग माझ्यामागून उच्चार म्हणत असे. मग नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी खेळाच्या सामानाच्या कपाटात झाली. हवा गेलेले तीन फुटबॉल आणि मी, असे आम्ही चौघे तिथे सात वर्षे एकमेकांची तोंडे पाहत बसलो.

मला बाहेर काढले ते इतिहासाच्या बाईंनी.

या शाळेत इतिहास तीन पातळ्यांवर शिकवला जाई. कागदोपत्री त्यांची नावे पायाभूत, सर्वसाधारण आणि प्रगत अशी होती. मुलांच्या तोंडी मात्र खालचा, मधला आणि वरचा. वरच्या वर्गाचे पुस्तक विटेएवढे जाड होते. तिथे जुनी पत्रे वाचत, जुनी वर्तमानपत्रे चाळत आणि "कशावरून?" या एका शब्दावर तास तास भांडत. खालच्या वर्गाला चाळीस पानांची चित्रांची पुस्तिका होती. तिच्यात राजा एका ओळीत गादीवर बसे आणि दुसऱ्या ओळीत मरे. मधल्या काळात त्याने काय केले, ते वरच्या वर्गाला ठाऊक!

वरचा वर्ग ज्यांच्याकडे होता त्यांना मुले सनावळी सर म्हणत. झोपेतून उठवून विचारले तरी ते साल सांगतील अशी त्यांची ख्याती होती. खालचा वर्ग बाईंकडे होता. चौदा मुले, कुणाला अक्षरे भराभर वाचता येत नसत, कुणाला लिहिताना घाम फुटे.

एके दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतले. बाई नुकत्याच मला कपाटातून काढून धूळ पुसत होत्या, तशाच मला काखेत मारून गेल्या. म्हणून ते बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले.

"बाई, या मुलांना धड वाचता येत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "इतिहास कशाला त्यांच्या गळ्यात? पुढच्या वर्षापासून ते तास वाचनाला देऊन टाकू."

"वाचता येत नाही सर, पण ऐकता येतं ना!"

"ऐकून इतिहास होतो होय?"

"मला ही एक सहामाही द्या. नाही जमलं तर तास काढून घ्या, मी चकार शब्द काढणार नाही."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मला पाहून त्यांना फारशी आशा वाटली असेल असे मला तरी वाटत नाही. पण ते म्हणाले, "बरं. सहामाही घ्या."

मित्रांनो, आमच्या गावात नदीकाठी काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. चाळीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला तेव्हा पाणी त्याच्या फाटकापर्यंत चढले होते. आत काचेची भट्टी धगधगत होती. तिच्यात पाणी शिरले असते तर मोठा स्फोट झाला असता. तसे झाले नाही. का झाले नाही, हा त्या वर्षी वरच्या वर्गाच्या प्रकल्पाचा विषय होता. बाईंनी तोच विषय खालच्या वर्गाला दिला. पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. फक्त मी आणि चार सेल.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे घुमी म्हणत, कारण तिचे तोंड क्वचितच उघडे. वाचायला उभी राहिली की अक्षरे तिच्यापुढे फेर धरून नाचत. मग हसे होण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे तिने कधीतरी ठरवून टाकले असावे. बाईंनी नेमके तिच्याच हातात मला दिले.

"मी?" ती म्हणाली.

"तूच. बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, असं काम आहे. तुझ्याइतकी लायक इथे कुणी नाही."

कारखान्यात बाटल्या पेट्यांत भरायचे काम केलेल्या एक आजी गावात होत्या. लोक त्यांना पेटीवाल्या आजी म्हणत. घुमी आणि तिच्या दोन मैत्रिणी त्यांच्याकडे गेल्या. बैठ्या टेबलावर त्यांनी मला ठेवले. घुमीने दोन्ही बटणे एकदम दाबली.

"पुराच्या दिवशी काय झालं, आजी?"

आजी पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. मैत्रीण दुसरा प्रश्न विचारणार तेवढ्यात घुमीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. थांब. माझी टेप फिरत राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली तीही मी टिपली.

मग आजी बोलू लागल्या. "पुरुषमाणसं भट्टीपाशी अडकलेली. ती एकदम विझवता येत नाही, काच फुटते. पाणी तर फाटकाशी आलेलं. आम्ही पेटीखात्यातल्या बायका. काच करायला वाळू लागते, तिचा ढीग होता मागे. आम्ही रिकाम्या पेट्या वाळूनं भरल्या आणि फाटकात रचल्या. एकीवर एक. हात सोलून निघाले. सतरा जणी होतो बघ." आणि त्यांनी बोटांवर नावे घेतली, एक एक करत सतरा.

घुमी म्हणाली, "यात तुमचं नाव नाही आलं, आजी."

आजी थबकल्या. पुन्हा बोटे मोजली. "अगं बाई! मी स्वतःला धरलंच नाही. अठरा. अठरा जणी होतो आम्ही." त्या हसता हसता डोळे टिपू लागल्या. "चाळीस वर्षं सतराच सांगत आले की गं!"

"आणि कारखान्याचे मोठे साहेब, ते व्यवस्थापक?"

"साहेब कुठले! ते दुसऱ्या दिवशी आले. बूट हातात धरून, चिखलातनं."

टेप तर भरली, पण ती लिहून काढणार कोण? खालच्या वर्गाला एक ओळ उतरवायला दहा मिनिटे लागत. बाईंनी सनावळी सरांना विनंती केली आणि सरांनी आपला सर्वांत हुशार विद्यार्थी पाठवला. त्याचे नावच एक नंबर पडले होते. तो नाइलाजाने आला, माझ्यासमोर बसला आणि भराभर लिहू लागला. आजी गप्प होत्या त्या जागी त्याने लिहिले, 'काही नाही.'

"खोड ते," घुमी म्हणाली.

"का? टेपवर काही नाहीच आहे."

"आहे. आजी आठवतायत. 'आजी गप्प आहेत' असं लिही."

त्याने तिच्याकडे नवलाने पाहिले आणि खोडले. पण मोठ्या साहेबांचा भाग येताच तो लिहायचा थांबला. "हे चूक आहे. वर्तमानपत्रात छापलंय, व्यवस्थापकांनी स्वतः फाटकात उभं राहून बंधारा घालून घेतला. छापील पुरावा आहे आमच्याकडे. म्हाताऱ्या माणसांना नीट आठवत नाही."

घुमीचे कान लाल झाले होते. ती नेहमीप्रमाणे गप्प बसणार असे मला वाटले.

"छापणारा तिथे होता का?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"त्यानेही कुणाला तरी विचारूनच लिहिलं असेल ना? कुणाला विचारलं? आजींना तर नाही विचारलं."

वरच्या वर्गात वर्षभर "कशावरून?" म्हणणारा तो मुलगा त्या प्रश्नापुढे गार पडला. वही मिटून उठून गेला. बाईंना वाटले, बिनसले.

दोन दिवसांनी तो धापा टाकत परत आला. हातात त्याच वर्तमानपत्राची प्रत होती. "चौथं पान बघ!" म्हणाला आणि मग जीभ चावून त्याने स्वतःच मोठ्याने वाचून दाखवले. पुराच्या त्याच दिवशी दूरच्या शहरातल्या एका बक्षीस समारंभात कारखान्याचे व्यवस्थापक पाहुणे होते. फोटोसकट. "पहिल्या पानावर ते फाटकात उभे आहेत आणि चौथ्या पानावर हार घालून बसलेत! एका माणसाला दोन ठिकाणी कसं राहता येईल? आम्ही चौथं पान कधी उघडलंच नव्हतं."

"मीही नसतं उघडलं," घुमी म्हणाली. "मला वाचायला आठवडा लागला असता."

दोघेही खळखळून हसले.

सहामाही संपताना सभागृहात दोन्ही वर्गांनी मिळून प्रकल्प मांडला. पेटीवाल्या आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी बोललो, म्हणजे माझ्यातून आजी बोलल्या. अठरा नावे झाली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, "ती माझी मावशी!" मग दुसरे, "माझी आई होती ती!" मुख्याध्यापक उठून उभे राहिले. भाषण करतील असे वाटले, पण ते बाईंना एवढेच म्हणाले, "तास राहू द्या. आणि मधल्या वर्गालाही यात घ्या."

पुढच्या वर्षी घुमी मधल्या वर्गात गेली. वरच्या नव्हे, मधल्याच. वाचन अजून हळूच होते तिचे, पण परीक्षेत काही उत्तरे तोंडी द्यायची परवानगी मिळाली. इतिहासात बासष्ट गुण पडले. तिच्या बाबांनी पेढ्यांऐवजी मला नवे सेल आणून दिले, हे मी विसरणार नाही.

एका रविवारी सनावळी सर मला मागून घरी घेऊन गेले. आपल्या वडिलांसमोर त्यांनी मला ठेवले. वडील आयुष्यभर आगगाडीचे रूळ दुरुस्त करत आले होते. सरांनी कागद काढला आणि एका दमात विचारले, "कोणत्या साली नोकरीला लागलात, किती जण होता, पगार किती, बदली कधी झाली?"

म्हातारबुवा मिश्कील हसले. "अरे, परीक्षा घेतोयस की काय? एक एक विचार. आणि तो कागद ठेव बाजूला."

सरांनी कागद घडी करून खिशात घातला. बराच वेळ त्यांना काय विचारावे ते सुचेना. शेवटी म्हणाले, "बाबा, तुम्हाला कधी भीती वाटली का?"

वडील खिडकीकडे पाहत राहिले. सर मुकाट्याने थांबले. ती टेप दोन्ही बाजूंनी भरली.

मित्रांनो, आता माझा रबरी पट्टा सैल झाला आहे आणि माझ्या टेपा दुसऱ्या यंत्रात उतरवून ठेवल्या आहेत. मी इतिहासाच्या खोलीत खिडकीपाशी असतो, मजेत असतो. येता जाता धूळ झटकलीत तर बरे वाटते. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. पट्टा तुटला तर नवा मिळतो. माणसाचा आवाज एकदा गेला की कुठल्याच दुकानात मिळत नाही. तुमच्या घरात कुणीतरी वयस्कर माणूस असेल. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा, एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर यायला उशीर झाला तरी उठू नका.