वरून शाबूत

"अव्वा, फुटलं न्हाई! बघ, फुटलं न्हाई!"

गाडीतून काढलेलं अंडं दोन्ही तळव्यांत धरून कुसुम स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आईपाशी आली. बाहेरच्या खोलीत कॉटला टेकवलेली फळी तिरपी उभी होती. तिच्या पायथ्याशी दोन विटा आणि विटांना नाक लावून पुठ्ठ्याची एक गाडी. गाडीचं नाक रिकाम्या काड्यापेट्यांचं होतं. त्या चेपून एकमेकींत घुसल्या होत्या.

नववीच्या वर्गाला शकुंतला टीचरांनी हा प्रकल्प दिला होता. उतारावरून आलेली गाडी विटेवर आदळली तरी आतला प्रवासी वाचला पाहिजे. प्रवासी म्हणजे कच्चं अंडं. कुसुमनं पहिली गाडी पत्र्याच्या डब्याची केली होती, चांगली दणकट. गाडीला पोचासुद्धा पडला नव्हता आणि आतल्या अंड्याचा चिखल झाला होता. दोन दिवस डोकं लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की गाडीनं स्वतःला मोडून घेतलं तरच मार आत पोचत नाही. म्हणून मग काड्यापेट्यांचं नाक.

सरूबाईनं अंडं उजेडात फिरवून पाहिलं. कुठेही तडा नव्हता. "शाणी गं माझी बाय," म्हणत तिनं ते वाटीच्या कडेवर फोडलं. ऑम्लेटला कांदा चिरून तयारच होता.

वाटीत पिवळं आणि पांढरं एकात एक कालवलेलं उतरलं.

"शिळं असंल," कुसुम म्हणाली.

सरूबाईनं त्याच ट्रेमधलं दुसरं अंडं दुसऱ्या वाटीत फोडलं. पिवळं गोल, फुगीर, मधोमध बसलं. ती दोन्ही वाट्यांकडे बघत राहिली.

"ह्यो मेला," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझा प्रवासी."

कुसुमला हसू आलं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ते ओठांतच राहिलं. "टीचर फक्त कवच बघणार हैत, अव्वा. कवच फुटलं न्हाई तर पास."

"टीचर बघू देत कवच. माणसाचं बी वरचं कातडं शाबूत ऱ्हातंय. चालत येतंय, बोलतंय. आन् आत समदं फुटलेलं असतंय."

सरूबाई बावीस वर्षं दवाखान्याच्या अपघात विभागात आया होती. रक्त पुसणं, कपडे कापून काढणं, बेशुद्ध माणसाला स्ट्रेचरवरून खाटेवर घेणं ही तिची कामं. डॉक्टर बदलत, सिस्टरा बदलत, सरूबाई तिथंच. नवा डॉक्टर गोंधळला की हळूच म्हणायची, "सर, त्या कोपऱ्यातल्या पेशंटाला आधी बघा. लई गप हाय तो." आणि बहुतेक वेळा तिचं खरं ठरायचं. हे तिला कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं नव्हतं.

"अप्पांचं असंच झालतं काय?" कुसुमनं विचारलं.

वडील अपघातात गेले, एवढंच तिला ठाऊक होतं. तेव्हा ती तीन वर्षांची होती. त्यापुढचं जुन्या हुबळीच्या त्या गल्लीत कुणी बोलायचं नाही, आणि घरात तर नाहीच.

"व्हय," सरूबाई म्हणाली, आणि तिनं गॅस पेटवला.

ऑम्लेट दोघींनी खाल्लं. ताट धुऊन आल्यावर कुसुमनं गाडी पुढ्यात घेतली आणि अंडं बांधायची पट्टी सोडून टाकली. "कवच वाचतंय ते नाकामुळं. मग पिवळं कशानं फुटतंय?"

"कसं बांधलीस ते दाव."

कुसुमनं नवं अंडं ठेवून त्याच्या पोटावरून ती एकच पट्टी घट्ट आवळून दाखवली. सरूबाईनं मान हलवली. "असं एका जाग्याला धरायचं न्हाई. आमी पेशंट उचलतो तवा एकानं हात धरला, एकानं पाय धरला, की तो मेलाच म्हण. खालनं चादर सारायची, चार कोपरे चौघांनी धरायचे. मग समदं अंग एकदम उचलतंय. मानेला झोल न्हाई, कमरेला न्हाई."

कुसुम तिच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि जुन्या परकराचा एक चौकोन कापून आणला. चार कोपऱ्यांना इलास्टिक शिवलं, ते गाडीच्या चार खांबांना बांधलं आणि मधल्या झोळीत अंडं निजवलं. डोक्याशी आणि पायाशी कापूस.

पुढचे आठ दिवस सरूबाई ड्यूटीवरून आली की आधी वाटी घेऊन बसायची. अंडं बाहेर आलं की ती फोडणार आणि दोघी वाटीत वाकून बघणार. इलास्टिक फार सैल झालं तर अंडं पुढच्या पुठ्ठ्यावर आपटायचं, फार घट्ट झालं तर पिवळं फुटायचं. कुसुम वहीत लिहायची: जगला, मेला, मेला, जगला. शेजारची पार्वतीअक्का म्हणाली, "काय गं सरू, रोज अंडी? लेकीला पैलवान करालीस काय?"

शेवटच्या पाच चाचण्यांत चार जगले.

प्रदर्शन धारवाडला, एका मोठ्या शाळेत होतं. अंडी असल्यामुळे सभागृहात जागा मिळाली नव्हती. मागच्या अंगणात अकरा गाड्या मांडल्या होत्या. सरूबाईनं रजा टाकली होती. आपली जांभळी साडी नेसून ती पालकांच्या रांगेत शेवटी उभी राहिली.

अकरांपैकी सहा अंडी शाबूत निघाली. त्यांत कुसुमचं होतं. कॉलेजात मेकॅनिकल शिकवून निवृत्त झालेले परीक्षक वाकून तिची झोळी बराच वेळ बघत होते. "ही कल्पना कुठून आली?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"आईची आहे, सर. दवाखान्यात पेशंटला असं उचलतात."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. शकुंतला टीचरांचा चेहरा खुलला. पहिला नंबर आपल्याच शाळेचा, हे लांबून सरूबाईलाही कळलं.

"सर, फोडून बघायला पाहिजे," कुसुम म्हणाली.

"काय?"

"अंडं. आतून वाचलंय का ते बघायला पाहिजे."

"तसा नियम नाही गं," टीचर घाईनं म्हणाल्या. "कवच शाबूत आहे ना? झालं तर."

कुसुमनं मान वळवून आईकडे पाहिलं. सरूबाईनं नकारार्थी मान हलवली, एकदा, दोनदा. नको. राहू दे तसंच. लेकीला एक बक्षीस मिळू दे.

कुसुमनं पिशवीतून स्टीलची ताटली काढली आणि कडेवर अंडं फोडलं.

पिवळ्याला एका बाजूनं चीर गेली होती. ताटलीत ते हळूहळू पसरत गेलं.

 कुसुमनं सांगितलं, "मेला, सर. पाचातला एक मरतो. आज तो आला."

परीक्षकांनी बाकीच्या पाच जणांकडे पाहिलं. "तुम्ही कुणी फोडता का?" पोरांनी आपापली अंडी मुठीत धरली. एका मुलाची आई म्हणाली, "नियमात नाही ते कशाला?" आणि ते खरंच होतं. पहिला नंबर कवच शाबूत असलेल्या दुसऱ्या एका गाडीला गेला. जाताना परीक्षक सरूबाईपाशी थांबले आणि हात जोडून पुढे गेले.

हुबळीच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. सरूबाई खिडकीशी बसली. 

"रागावलीस काय, अव्वा?"

"न्हाई."

"तू नको म्हणालीस, तरी मी फोडलं."

बस रायापूरच्या जवळ आली होती. सरूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हितंच पुढं झालतं. तारिहाळच्या कारखान्यात कामाला जायाचा टेम्पो. उभ्या ट्रकला मागनं बसला. सात जणांना आणलं, समदे रक्तानं न्हालेले. तुझा अप्पा चालत आला. एकाला खांदा देऊन आला."

कुसुम आईकडे वळली.

"माझीच ड्यूटी होती. मी त्येला वरनं खालपर्यंत बघितलं. कुठं खरचटलं बी नव्हतं. म्हटलं, परसू, तू तिथं बाकावर बस, ह्यास्नी आधी बघू दे. तो बसला." ती थांबली. "पाऊण तास बसला. मी त्येच्या समोरनं तीन डाव गेले. एकदा म्हणाला, सरू, तहान लागलीय. म्हटलं, आणते थांब."

"मग?"

"पाणी घेऊन गेले तवा भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, निजलाय."

कंडक्टर पुढे सरकत गेला. मागे कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला त्याची आई कन्नडमध्ये समजावत होती.

"तुला ठाऊक नव्हतं," कुसुम म्हणाली.

"आता ठाऊक हाय." सरूबाईनं पदरानं नाक पुसलं. "बारा वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या आज्जीला बी न्हाई."

 आईनं तिच्याकडे बघितलं नाही, आणि तिनंही बघायला लावलं नाही.

नवनगर ओलांडल्यावर एक रिक्षा आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. उभे असलेले लोक एकमेकांवर पडले, वरच्या फळीवरची कुणाची तरी पिशवी खाली आली. कुसुमचा हात आपोआप आईच्या छातीसमोर आडवा गेला आणि त्यानं तिला सीटला दाबून धरलं.

ड्रायव्हरनं रिक्षावाल्याला दोन शिव्या हासडल्या. बस पुन्हा सुरू झाली, लोक सावरले, पिशवी वर गेली.

हात तसाच होता. सरूबाईनं तो बाजूला केला नाही.