पुढची तारीख

मोतीरामच्या घरात मूळव्याध पिढीजात होती, निदान सगळे तसं समजत. त्याचा बाप ऐन चाळिशीत रक्त जाऊन जाऊन वारला, तेव्हाही गावानं मूळव्याधच म्हटलं. त्यामुळे त्याच्या बत्तीस वर्षांच्या मुलानं, हरिओमनं संडासातून रक्त पडतं असं दबक्या आवाजात सांगितलं, तेव्हा मोतीराम हसलाच. तरण्याताठ्या पोराला दुसरं काय होणार? मिरची कमी कर, ताक पी, असा सल्ला त्यानं देऊन टाकला आणि सून छायाला सुरणाची भाजी करायला सांगितली. धामणगावच्या डॉक्टरनंही न तपासता मलम लिहून दिलं. वांग्याचे क्रेट उचलणाऱ्या पोराला आजारी कोण म्हणणार!

वर्षभरानं मोतीरामच्याच धोतराला डाग लागला. तो सत्तरीचा, म्हणून घरात एकच धावपळ उडाली. हरिओमनंच त्याला हट्टानं अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून पाहिलं तर आतड्यात कॅन्सरची लहानशी गाठ निघाली. ती कापून काढली, काम फत्ते झालं. मोतीरामचा बाप कसा गेला ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी हरिओमलाही तपासून घ्यायला सांगितलं. हरिओम ओशाळला. मलाही थोडं रक्त जातं, पण माझी मूळव्याध आहे, म्हणाला.

ती मूळव्याध नव्हती. गाठ मोठी होती आणि रोग यकृतापर्यंत पोचला होता. म्हाताऱ्याच्या रक्ताला लोक घाबरतात अन् तरुणाच्या रक्तावर सुरणाची भाजी करून घालतात. असं काही बाई म्हणाल्या नाहीत. मोतीरामला मात्र तसंच ऐकू आलं.

मग केमोच्या सलाईनी सुरू झाल्या. हरिओमचे दंड वाळले, गालफडं बसली. छाया चुलीच्या धुराचं निमित्त करून रडायची. मोतीराम मात्र ठणठणीत होत गेला. त्याला सपाटून भूक लागायची आणि त्या भुकेची त्याला लाज वाटायची. गावातली माणसं येऊन त्याला नशीबवान म्हणत, तेही हरिओमच्या देखत. एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं त्याला वाटे.

आज बापलेक दोघंही तपासणीला गेले होते. मोतीरामचं सगळं साफ निघालं. पुढच्या वर्षी याच महिन्यात या, असं सांगून बाईंनी तारीख लिहून दिली. मग त्या हरिओमकडे वळल्या. आता सलाईन नको, दुखलं की गोळी घ्या, वाटेल तेव्हा या, म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. मोतीरामला त्या मऊपणाचीच धडकी भरली.

परतीच्या एसटीत हरिओम खिडकीशी बसला. मोताळा मागे पडलं. मग बाहेरच बघत त्यानं विचारलं, "बाबा, मले तारीख काऊन नाही देली?"

मोतीरामनं तारखेचा कागद खिशात सारला. "देली ना. आपली दोघाची एकच हाय. संगंच जाऊ."

हरिओमनं वळून बापाकडे पाहिलं. बाजारात वांग्याचा भाव चढवून सांगतानाही या माणसाची नजर खाली जायची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आताही ती खालीच होती.

"हाव," तो म्हणाला. "पण मी नसलो तरी तुमी जाजा. चुकवू नोका."

मोतीराम बरं म्हणाला. दुसरं तो काय म्हणणार होता?