चार पाट्यांचा बंधारा

टँकर वस्तीवर थांबलाच नाही.

विमलबाई सकाळपासून सगळ्यांच्या हंड्यांची रांग राखत बसली होती. एरवी चार दिवसांनी येणारा टँकर या खेपेला आठ दिवस फिरकला नव्हता. आज आला, तो धुरळा उडवत रांगेपुढून सरळ ओढ्याकडं निघून गेला. म्हातारी बायडाबाई रिकामा हंडा घेऊन चार पावलं त्याच्यामागं पळाली आणि खोकत थांबली.

"रस्ता चुकला आसंल गं," ती म्हणाली.

विमलबाईनं पदर खोचला आणि टँकरच्या चाकोरीनं चालू लागली.

१९९६चा मे महिना होता. शेवगाव तालुक्यातल्या त्या गावाच्या ओढ्यावर दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा बंधारा झाला होता. टँकर त्याच्या पोटाशी उलटा लावलेला होता आणि जाड पाइपातून पाणी धबाधबा खाली पडत होतं. काठावर पाणलोट समितीचे अध्यक्ष राधाकृष्णआण्णा पांढरीशुभ्र टोपी घालून उभे होते.

"आण्णा, वस्तीचं पानी हाय ते," विमलबाई म्हणाली.

"परवा दोन खेपा देतो की. उद्या पाहुने येनार हायेत, इमल. लांबलांबनं येनार. त्यान्ला काय फुपाटा दाखवू?"

"पर ह्ये पावसाचं पानी न्हाई."

"पान्यावर काय लिव्हलेलं आसतं का कुठलं ते?" आण्णा हसले आणि ड्रायव्हरला दुसऱ्या खेपेची खूण केली.

विमलबाई बघत राहिली. पाणी पडत होतं आणि भिंतीच्या मुळाशी बुडबुडे काढत जिरत होतं. पलीकडच्या अंगाला वाळूत ओल फुटली होती. पाया खणणाऱ्या बायकांत ती स्वतः होती. खडक लागायच्या आधीच मुरमावर सिमेंट ओतलं, तेव्हा ती बोललीही होती. पण मिस्तरी होता आण्णांचा मेहुणा. पहिल्याच पावसाळ्यात भरलेला बंधारा दसऱ्याला कोरडा पडला होता. आता त्याच भोकात म्हातारीच्या घशाचं पाणी चाललं होतं. ती बांधावर जाऊन थुंकली, तरी तोंडाची कडू चव जाईना.

या बंधाऱ्याचं कौतुक फार होतं. चार ठिकाणच्या लोकांनी एकत्र येऊन निधी उभा केला होता: पुण्यातल्या कारखानदारांचा ट्रस्ट, मुंबईच्या बायकांचं मंडळ, जर्मनीतल्या एका चर्चची मंडळी, आणि एका साखर कारखान्यातले कामगार, ज्यांनी एकेका दिवसाचा पगार दिला होता. एकट्यानं जमत नाही ते चौघांनी मिळून करायचं, असा विचार होता, आणि विचार चांगलाच होता. गावानं श्रमदान करायचं आणि डोंगर चराईला बंद ठेवायचा, एवढीच अट. श्रमदानाला ज्यांची ओढ्याकाठी शेतं होती त्यांच्या घरचं माणूस क्वचित दिसलं. घमेली वाहिली बौद्ध वस्तीतल्या बायकांनी, ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. चराई बंद झाली आणि बायडाबाईनं चारही शेळ्या बाजारात नेऊन विकल्या. समितीत एक बाई हवी होती आणि वस्तीतलं एक माणूस हवं होतं. विमलबाईला घेतल्यावर दोन्ही रकाने एका सहीत भरले.

दुसऱ्या दिवशी तीन जीपगाड्या आल्या. बंधाऱ्यात गुडघाभर पाणी होतं. पहाटे आणखी एक खेप ओतावी लागली होती. मांडवात आधी भांडण लागलं ते पाट्यांवरून. प्रत्येक संस्थेनं आपापली पाटी रंगवून आणली होती आणि ट्रस्टच्या साहेबांचं म्हणणं, आमची सगळ्यांत वर हवी. मुंबईच्या बाई म्हणाल्या, मग आमची निदान शेजारी तरी. घामेजलेला गवंडी दोन पाट्या हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत उभा होता. कामगारांच्या पाटीला जागाच उरली नाही. ती घेऊन आलेला रंगनाथ, सोनईचा, कारखान्यात फिटर, ती मांडवाच्या खांबाला टेकवून कडेला बसला.

मग जेवणं झाली. बासुंदीच्या अर्ध्या वाट्या तशाच मागं टाकलेल्या. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले गेले. वस्तीतल्या बायका उन्हात ओळीनं उभ्या होत्या. फोटोसाठी त्यांना एकसारखी लुगडी नेसवली होती आणि ती संध्याकाळी परत द्यायची होती.

"आता आमच्या समितीच्या महिला सदस्य दोन शब्द आभाराचे बोलतील," आण्णा म्हणाले.

दोन शब्द आठ दिवस पाठ करून घेतले होते. विमलबाई उभी राहिली. पाठ केलेलं तिला सगळं येत होतं, पण जिभेवर येईना. आली ती कालची कडू चव.

"ह्ये पानी पावसाचं न्हाई," ती म्हणाली. "काल आन् आज टँकरनं आनून वतलंय. आमच्या वस्तीला ते प्यायला येनार हुतं. आट दिस आमी लोकाच्या हिरीवर हात जोडतोय. बंधारा गळका हाय. पाया मुरमावर हाय. आमीच खनलाय, आमाला ठावं हाय. तुमच्यातल्या कुनी हिथं खाली उतरून बघितलं का कवा?"

जर्मन पाहुण्यानं शेजारी बसलेल्या ट्रस्टच्या साहेबांकडं बघितलं. साहेबांनी कानाशी लागून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पाहुण्याचा चेहरा फुलला, त्यानं विमलबाईला हात जोडले आणि टाळ्या वाजवल्या. त्याला काय सांगितलं असेल, हे तिला इंग्रजी न येताही कळलं. कालच्या लबाडीपेक्षा ही लबाडी तिला जास्त झोंबली. मुंबईच्या बाई पुढं आल्या आणि तिचा हात धरून हळू म्हणाल्या, "असं सगळ्यांसमोर नको हो बोलायला. आम्हाला वाटलं, पुण्याच्यांनी पाहिलंय."

"आम्हाला वाटलं तुम्ही माणूस पाठवलाय," साहेब म्हणाले.

विमलबाईनं हात सोडवून घेतला आणि लुगड्याच्या पदराला पुसला.

तेवढ्यात रंगनाथ उठला. चपला काठावर काढून तो बंधाऱ्यापाशी उतरला, चाकोऱ्यांच्या ओल्या चिखलात बोटं घालून बघितली, भिंतीला वळसा घालून पलीकडची ओल बघितली. मग वर येऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, त्यानं जर्मन पाहुण्याला सगळं सांगितलं. पाहुण्याचं हसू मावळलं. तो त्याच चिखलात बुटांसकट उतरला.

पुढचे सहा महिने वस्तीला जड गेले. निधीचा पुढचा टप्पा थांबला आणि गावानं खापर वस्तीवर फोडलं. पेरणीला, खुरपणीला वस्तीतल्या एकाही बाईला कुणी बोलावलं नाही. "इमलच्या तोंडानं गावाचं पानी पळालं," असं बनुबाई, राधाकृष्णआण्णांची बायको, पारावर बसून सांगायची. विमलबाई केडगावला वीटभट्टीवर गेली. बायडाबाई तिला म्हणाली, "बोललीस ते बरंच केलंस. पर प्वाट बी जाळलंस बाई."

रंगनाथ मात्र रविवारी सुट्टीला दोन जोडीदार घेऊन येत राहिला. त्यांनी पायाशी खड्डा घेतला, मुरूम कुठं संपतो आणि खडक कुठं लागतो ते मोजलं, नकाशा काढून चारही संस्थांना पाठवला. पुण्याच्या ट्रस्टनं कळवलं की वाद असलेल्या गावात आम्ही राहू शकत नाही. मुंबईच्या मंडळाचं पत्रच आलं नाही. उरले दोघं, जर्मन मंडळी आणि कामगार. त्यांची बैठक झाली ती मांडवात नाही, वस्तीत, बायडाबाईच्या अंगणात. राधाकृष्णआण्णाही आले, निधीवाचून वरच्या ओढ्याचं काम अडलं होतं, न येऊन सांगतात कुणाला? अंगणात त्यांनी पाणी घेतलं नाही, ते विमलबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

"मावशी, तुमी सांगा," रंगनाथ विमलबाईला म्हणाला.

"भूमिहीनाला श्रमदान न्हाई, मजुरी," ती म्हणाली. "पयली हीर वस्तीत. डोंगराचं गवत कापून आमाला बी. आन् पाया आमी म्हनू तिथवर."

आण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. सही केली.

पाया पुन्हा खणला गेला, या वेळी काळ्या खडकापर्यंत. ९७च्या पावसानंतर वस्तीच्या विहिरीला पाणी लागलं आणि ते मार्चअखेर टिकलं. आण्णांच्या विहिरीला मेपर्यंत पुरलं, त्यांचा ऊस उभा राहिला. त्याच उन्हाळ्यात विमलबाईच्या मुलानं, संदीपनं, पुण्याच्या ट्रस्टचं गुळगुळीत कागदावरचं पुस्तक कुठूनसं आणलं. त्यात हाच बंधारा होता, आमचं यशस्वी काम म्हणून, आणि पानभर फोटो विमलबाईचा, त्या मागून आणलेल्या लुगड्यात. खाली लिहिलं होतं, ‘आभार मानताना एक लाभार्थी महिला.’

"फाड ते," ती म्हणाली.

संदीपनं फाडलं नाही. रंगनाथला दाखवायला ठेवून दिलं. रंगनाथ आला तो वेगळंच काम घेऊन. नेवासे तालुक्यातल्या एका गावात असाच निधी येणार होता, आता पाच जणांचा, आणि तिथल्या बायकांशी बोलायला कुणी हवं होतं.

"सत्कार-बित्कार न्हाई ना?" विमलबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग येते. आदी पाया बघू, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. पिशवीत दोन भाकरी आणि चटणी होती. त्या गावात पोचल्यावर सरपंचाच्या माणसानं तिला आधी मांडवाकडं न्यायला बघितलं. ती ओढ्याची वाट विचारून तिकडंच गेली.