खाली माझी सही

डोक्याला मार लागलेल्या माणसांची आमची बैठक दर बुधवारी चार वाजता भरते. जागा म्हणजे व्यायामोपचार केंद्राची मागची खोली. भिंतीला मिटलेल्या चाकाच्या खुर्च्या टेकवलेल्या, मध्ये सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि ट्यूबलाइट कायमची बंद, कारण तिच्या फडफडीनं आमच्यातल्या निम्म्यांचं डोकं उठतं. तिथं डॉक्टर नसतो. बैठक चालवते नर्सबाई. पूर्वी ती ऑपरेशन थिएटरात होती. मग तिच्याच मेंदूत रक्तस्राव झाला आणि आता 'चमचा' हा शब्द शोधायला तिला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात कुणी तिला शब्द पुरवायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम वहीचा. ज्याची आठवण टिकत नाही त्यानं वही जवळ ठेवायची. पण वहीत लिहिलंय ते घडलेलं की मनचं, हे ज्याचं त्याला कळेलच असं नाही. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार. शंकेची नोंद जोडीदारानं वाचायची, खरी असेल तर खाली सही करायची. सही झाली की गोष्ट पक्की, मग डोकं कितीही नाही म्हणो. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलंच तर खाली तारीख घालून नव्यानं लिहायचं.

मी ड्रायव्हरदादांची जोडीदार होते.

बावीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली, एक आरसासुद्धा फुटू दिला नाही, आणि शेवटी पडले ते घरच्या जिन्यावरून. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात चेहरे राहत नाहीत. कालची गोष्टही राहत नाही, राहिली तर तुकड्यातुकड्यानं. मला ते ओळखायचे ते कपाळावरच्या तिरक्या खुणेवरून. आत येऊन एकेकाचं कपाळ बघत यायचे आणि माझ्यापाशी थांबून म्हणायचे, "ही आमची ताई. पटली." जणू बसचा स्टॉप आला.

खूण माझ्या ऑपरेशनची. माझं शिवणाचं दुकान आहे. कपडे दुरुस्त करते, गणवेश शिवते. वरच्या फळीवरून कापडाचा गठ्ठा काढताना शिडी सरकली आणि डोकं मशीनच्या कोपऱ्यावर आपटलं. आठ महिने दुकान धाकट्या जावेनं सांभाळलं. गिऱ्हाइकांना आम्ही सांगितलं, मान आखडली होती. मान आखडलेल्या बाईकडे लोक कापड देतात. डोकं फुटलेल्या बाईकडे कोण देईल? आणि त्यांना नावं तरी कशी ठेवू? परत आल्यावर पहिल्याच महिन्यात एका वकिलाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. जावेनं रातोरात उसवून पुन्हा शिवल्या आणि वर म्हणाली, "जाऊबाई, नशीब समजा, वकिलाला दोन हात आहेत एवढं तरी तुमच्या लक्षात राहिलं."

दुकानात मी भुवईपर्यंत रुमाल बांधते. बैठकीत बांधत नाही. म्हणजे शहरात माझी दोन कपाळं होती आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

त्या सोमवारी काउंटरपाशी एका शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. शाळेच्या बँडसाठी साठ गणवेश शिवायचे होते. एवढं मोठं काम अपघातानंतर पहिलंच. त्या कापड बोटांत चोळून बघत होत्या, मी माप घेण्याचा दिवस ठरवत होते, आणि तेवढ्यात दारात ड्रायव्हरदादा. हातात एक पँट, खालून उसवलेली.

आधी त्यांनी बटणांच्या बरण्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. विसरता आला असता तर बरं झालं असतं.

"ताई! तुम्हीच ना? बुधवारच्या! आपल्या डोक्याच्या बैठकीतल्या!"

मुख्याध्यापिका वळल्या. माझ्या हातातला खडू मोडला.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," मी म्हणाले. "आपली ओळख नाही."

आवाजही दुकानातला वापरला, गोड आणि बंद.

ते हळूहळू विझले. राग नाही, वाद नाही. "असं होय," म्हणाले. खिशातली वही काढली, उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं आणि वही मिटून मलाच म्हणाले, "माफ करा हं, बाई. माझं डोकं जरा असंच आहे. उगाच त्रास दिला." आणि पँट तशीच बगलेत घेऊन गेले. दुरुस्तीला आणली होती हेही विसरले, की आता मागायची लाज वाटली, कोण जाणे.

"बिचारा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अशा माणसांना घरचे एकटं सोडतात तरी कसे?"

"हो ना," मी म्हणाले.

त्या गेल्यावर जावेनं विचारलं, "कोण होता?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं? कानाच्या पाळ्या लाल झाल्यात तुमच्या."

मी मशीन सुरू केलं. मशीनचा आवाज मोठा असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

इथपर्यंत घाबरून झालं असं म्हणता येईल. पुढचं मी शांत डोक्यानं केलं, जे काही डोकं उरलंय त्यानं.

बुधवारी दादा आले, माझ्या कपाळाची खूण बघितली, "पटली" म्हणाले आणि शेजारी बसले. वही उघडून माझ्यापुढे धरली. सोमवारची नोंद होती. अक्षर उभ्यानं लिहिलेलं, वाकडंतिकडं.

'शिवणाच्या दुकानात एक बाई दिसल्या. खूण नव्हती तरी आपली ताई वाटली. त्या नव्हत्या. मी चेहरा ओळखायला चुकलो. यापुढे खूण दिसल्याशिवाय कुणालाही ओळख दाखवायची नाही.'

"ताई, ही शंकेची आहे," ते हळूच म्हणाले. "मला अजून वाटतं, त्या तुम्हीच होतात. पण त्या बाई नाही म्हणाल्या. तुम्हीच सांगा, तुम्ही होतात का?"

किती सोपा प्रश्न होता! समोर सगळे आपलेच. हो म्हटलं असतं तर दोन शिव्या खाऊन सुटले असते. पण हो म्हणजे सोमवारचं सगळं सांगायचं, ते 'हो ना'सुद्धा. मी म्हणाले, "नव्हते."

"मग करा सही."

मी केली. पूर्ण नाव, खाली रेघ. दोन कपाळांच्या बाईची सही मात्र एकच असते.

पुढच्या बुधवारी दादा आले नाहीत. त्यांची बायको आली. आम्ही तिला वहिनी म्हणतो. ती दारातच उभी राहिली, चप्पल काढावी की नको अशी.

"ते येणार नाहीत म्हणतात," ती म्हणाली. "कुठंच जात नाहीत. परवा धाकटे भाऊजी आले गावाहून. पाठीला पाठ लावून आलेले भाऊ हे. त्यांना दारात उभं केलं. म्हणाले, तुम्ही माझ्या भावासारखे दिसता, पण मी चेहरे ओळखायला चुकतो. वहीत लिहिलंय. सहीसुद्धा आहे. भाऊजी तासभर जिन्यात बसून होते, मी बाजारातून येईपर्यंत. आणि सकाळी मला विचारतात, तू नक्की तीच ना?" तिनं डोळे पुसले नाहीत, नुसता पदर हातात धरून ठेवला. "आत्ता कुठं सुधारत होते हो. गेल्या महिन्यात माझ्या आवाजाशिवाय ओळखलं होतं मला."

"सही कुणाची?" नर्सबाईनं विचारलं.

"ताईंची," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. "तुमच्या सहीवर त्यांचा फार विश्वास. डॉक्टरांपेक्षा जास्त."

ते हसू नसतं तर कदाचित मी तेव्हाही गप्प बसले असते. इतकी मी मला ओळखते आता.

मी सगळं सांगितलं. दुकान, रुमाल, मुख्याध्यापिका, सही. नर्सबाईनं तोंड उघडलं आणि शब्द शोधायला लागली. अर्धं मिनिट. कुणी पुरवायचा नाही. मला वाटलं, चांगली सणसणीत शिवी शोधतेय. शोधू दे, माझ्या मापाची मिळायला वेळ लागणारच. शेवटी तिला सापडला तो शब्द एवढाच होता:

"ऊठ."

वहिनीबरोबर मी तिच्या घरी चालत गेले. वीस मिनिटांत ती एक अक्षर बोलली नाही. जिन्याशी मात्र म्हणाली, "तिसरी पायरी मोडकी आहे, जपून." कुणी माझ्याशी असं काळजीनं बोलू नये असं वाटत होतं त्या वेळी.

जिना चढताना एक विचार आला, तो इथं लिहून टाकते. तोंडी सांगितलं तर? तोंडी सांगायचं, माफी मागायची, ते रागावतील, मी रडेन, आणि उद्या सकाळी त्यांच्या डोक्यात त्यातलं काही नसेल. फुकटात सुटका. पण मग वहीत राहणार ती माझी जुनी सहीच. ते रोज सकाळी उठून तीच वाचणार.

दादा खिडकीशी बसले होते. माझ्या कपाळाकडे बघून उठले. "ही आमची ताई. पटली. बसा."

"दादा, वही द्या."

त्यांनी दिली. मी सोमवारची नोंद काढली, त्याखाली माझी सही, त्याखाली तारीख घातली आणि लिहिलं: 'वरची सही खोटी आहे. दुकानातली बाई मीच होते. दादांनी मला खुणेशिवाय ओळखलं. मी गिऱ्हाइकासमोर ओळख नाकारली आणि नंतर बैठकीत पुन्हा खोटं बोलले.'

त्यांनी बोट फिरवत एकेक ओळ वाचली. दोनदा. मी मान खाली घालून त्यांच्या पायांतल्या मोज्यांकडे बघत बसले. एक करडा, एक काळा.

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"हो."

"खूण नसताना?"

"रुमाल होता. भुवईपर्यंत."

"अगं!" ते ओरडले. "अगं, ऐकलंस का? रुमाल होता! तरी ओळखलं!" वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते तिच्याकडे बघून हसत होते, पोटभर, परीक्षेत पास झालेल्यासारखे. मला चांगलं झापलं असतं तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. त्या हसण्यापुढे कुठं बघावं ते कळेना.

मग हसू ओसरलं. "पण मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"लाज वाटली."

"माझी?"

"माझी," मी म्हणाले. मग म्हणाले, "तुमचीही. तुमच्यासोबत दिसायची."

त्यांनी वही पुन्हा माझ्याकडे सरकवली. "तेही लिहा," म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी पेन मागितलं. "याला साक्ष कोण? तुमची सही तर आता चालायची नाही," म्हणाले, आणि माझ्या अक्षराखाली त्यांनी स्वतःची सही केली.

वहिनी पुढे भेटली तेव्हा म्हणाली, "रोज सकाळी सातला वही वाचतात. सातला तुमच्यावर चिडतात, सव्वासातला खूश होतात. मग भावाला फोन करतात." रोज सात वाजता मी दात घासत असते. तो फेसानं भरलेला माझा चेहरा आरशात बघवत नाही.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापिका पहिले सहा गणवेश बघायला आल्या. त्या सदरा उजेडाकडे धरून बघत होत्या, तेवढ्यात दारात दादा. बगलेत तीच पँट. त्यांनी मला बघितलं, ओळखलंही, ते दिसतच होतं. पण आत आले नाहीत. बटणांच्या बरण्यांकडे बघत उंबऱ्याशी उभे राहिले, बसथांब्यावर दुसऱ्याच बसची वाट बघणाऱ्यासारखे. वहीत त्यांनी आपल्या मनानं एक ओळ वाढवली होती, ती मला नंतर दिसली: 'दुकानात ओळख द्यायची की नाही, ते ताई ठरवतील.'

जावेनं माझ्याकडे बघितलं. बोलली नाही. तिचं न बोलणं फार महागातलं असतं.

"या, दादा," मी म्हणाले. आवाज दुकानातला निघेना, फाटकाच निघाला. "पँट द्या इकडे. बाई, हे आमच्या बुधवारच्या बैठकीतले. डोक्याला मार लागलेल्यांची बैठक असते. मीही तिथलीच. मान नव्हती आखडली माझी."

मुख्याध्यापिकांनी हातातला सदरा काउंटरवर पसरला आणि बाह्या बघितल्या, एक डावी, एक उजवी. मग दुसरा सदरा घेतला. सहाच्या सहा बघितले. मी थांबवलं नाही. तो त्यांचा हक्क होता.

दादा तोवर वहीत लिहीत होते. काउंटरवरून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. 'आज दुकानात ताईंनी आधी ओळख दिली.'

"शंकेची नाही ही," ते म्हणाले. "तरी करा."

मी केली. नवी ओळ दादांनी मुद्दाम त्याच पानावर, अगदी तळाशी बसवली होती. वर माझी पहिली सही होती, पूर्ण नाव, खाली रेघ. ती तिथंच राहणार. खोडायचं नाही, असा नियमच आहे.