सत्तर मीटरवरचं दुखणं

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरची उशी तिसऱ्यांदा नाहीशी झाली, तेव्हा बायकोने नवऱ्याची डब्याची पिशवी उघडली. उशी त्यात कोंबलेली होती.

"अहो, क्रेनवर झोपता की काय?"

तो उभ्यानेच चहा पीत होता. आठवडाभर तो सगळं उभ्यानेच करत होता. भिंतीकडे बघत त्याने सांगितलं, बसलं की दुखतं, आणि दोनदा रक्त दिसलं. "मला वाटतं, मोठंच काहीतरी आहे."

ती त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी नीट तपासलं. "मूळव्याध. अगदी सुरुवातीची. पण रक्त थांबलं नाही तर लगेच परत यायचं. सध्या काय घेता?"

"इसबगोल. सकाळी, दोन घोट पाण्याबरोबर."

"दोनच? आणि नंतर?"

"वर असताना पाणी पीत नाही."

त्याची क्रेन सत्तर मीटर उंच. शिडीने उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस. तेवढा वेळ खालची माणसं हातावर हात ठेवून बसणार. म्हणून सातला चढायचं ते एकलाच उतरायचं, मध्ये घसा ओला करायचा नाही, हा त्याचा एकवीस वर्षांचा नेम. त्याचा त्याला अभिमानही होता.

"इसबगोल पाणी शोषून फुगतो," बाई म्हणाल्या. "पाणीच नसेल तर आत घट्ट बसतो. औषध घेऊन तुम्ही दुखणं वाढवलंत."

मग त्यांनी सांगितलं: भरपूर पाणी, भाज्या, फळं. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. कुंथायचं नाही, संडासात फोन न्यायचा नाही. आणि लागली की जायचं, दाबून धरायचं नाही.

बायकोने टब आणला. लहान मुलांचा, बदकं छापलेला. गुडघे हनुवटीला लावून तो त्यात बसला. दाराबाहेर ती पपई कापत होती.

"पोळतंय का?"

"नाही."

"मग कण्हताय कशाला?"

"बदकं बघतायत."

ती हसली. आतून तोही हसला. मग ती हळूच म्हणाली, "उद्या मध्ये उतरणार ना?"

"कारण काय सांगू? वॉकीटॉकीवर सगळी साइट ऐकते."

"काहीही सांगा. पण उतरा."

दुसऱ्या दिवशी दहापर्यंत पाण्याची बाटली रिकामी झाली होती. त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "काका, खाली येतोय."

"का रे कावळ्या?" खाली खुणा करणाऱ्या काकांचा आवाज आला; उंचावर बसतो म्हणून ते त्याला कावळ्याच म्हणत. "मशीन बिघडलं? मेकॅनिक बोलावू?"

गुडघा दुखतो, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला उद्या कोणी शिडी चढू दिली नसती.

"मशीन ठीक आहे. मला मूळव्याध आहे. आजपासून दहाला एकदा उतरणार."

वॉकीटॉकी खरखरली. कोणीतरी फिसकन हसलं. मग पलीकडच्या क्रेनचा चालक बोलला. कामाव्यतिरिक्त त्याचा एक शब्द कधी कोणी ऐकला नव्हता.

"पाणी पिऊन फरक पडतो का?"

"डॉक्टर म्हणतात, पडतो."

"बरं."

काका खाकरले. "आजपासून दहाला दोन्ही क्रेन थांबतील. हसणाऱ्याने तेवढ्या वेळात विटा रचाव्यात. कावळ्या, सावकाश उतर."

तो शिडीवर आला. समोर, तेवढ्याच उंचीवर, दुसऱ्या केबिनचं दारही उघडत होतं.