आखाड्याची माती

खुशालराव पैलवान जाऊन वर्ष झालं, तरी अमरावतीच्या आपल्या आखाड्यातून ते काही हलले नव्हते. हे मोठ्याने बोलायची कोणाची छाती नव्हती, पण सकाळी दार उघडलं की दिसायचंच. संध्याकाळी सपाट करून ठेवलेल्या लाल मातीत उजव्या पावलाचा एकच ठसा असायचा, आणि त्याला करंगळी नसायची. खुशालरावांची करंगळी तरणेपणीच बैलगाडीखाली गेली होती.

मूळ करणी जमुनाबाईंची. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या बाईने नवऱ्याची मूठभर राखही घातली. भाऊबंद भडकले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याईले नदी नोको होती. मलेच सांगून गेले."

कुस्तीवर घर चालवलेला माणूस तो. जन्मात कधी पाठ लागली नाही. मुलगा उद्धव याला त्यांनी सगळं शिकवलं, पण आपल्या ढाकेची तोड तेवढी दिली नाही. ढाक म्हणजे मान आणि हात एकदम कवळून कमरेवरून फेकायचा डाव. उद्धव रोज आपटायचा, रोज उठायचा, आणि बाप म्हणायचा, "आखीन एक." 'बस' हा शब्द पोराने बापाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

बापामागे उद्धव फडात उतरला. भातकुलीत जिंकला, पातूरला जिंकला. लोक म्हणाले, "पोरगा कायचा, खुशालरावच खेळून राहिला!" हे त्याच्या जिव्हारी लागायचं. आपण स्वतः पैलवान आहोत की नाही, एवढंच त्याला एकदा कळायला हवं होतं. म्हणून त्याने अकोल्याची कुस्ती धरली. परका गाव, परकी माती, समोर ओमप्रकाश नावाचा तगडा गडी. त्याच्या घरात हिंदीशिवाय दुसरी बोली नव्हती.

पण माणसाचं मन मोठं भित्रं. निघताना उद्धवने आपल्या आखाड्यातली मूठभर माती रुमालात बांधून घेतलीच.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी फड भरला होता. सलामीला पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात. उद्धवच्या मुठीत घरची माती होती. सवयीने त्याने ती ओमप्रकाशच्या खांद्यावर चोळली, आणि त्या मातीत बापाची राख आहे, हे मग त्याच्या लक्षात आलं. पण हात तोवर भिडले होते.

ओमप्रकाश उजवा पाय जरा ओढत चालू लागला. उद्धवच्या मानेभोवती पकड बसली, आणि ती त्याने डोळे मिटूनही ओळखली असती. ढाक! कानाशी घोगरा आवाज आला, "मान कायले देतं रे? खांदा अंदर घाल. मंग वळ."

बाप समोर होता आणि बापच शिकवत होता. उद्धव घामाने न्हाला. त्याने खांदा आत घातला आणि वळला. लोक ओरडले तेव्हा ओमप्रकाश चीत पडला होता.

खाली पडलेल्या माणसाने उद्धवच्या कानातली माती अंगठ्याने पुसली. खुशालराव पुसायचे तशीच.

"आता बस, उद्धव," तो म्हणाला.

मग त्याने डोळे चोळले आणि घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "मैं कब गिरा, भाई?"

लोकांनी उद्धवला खांद्यावर घेतलं, आणि त्या दिवशी बापाचं नाव कोणी काढलं नाही. हेच तर त्याला हवं होतं.

अमरावतीला परतल्यावर त्याने सकाळी आखाडा उघडला. माती आदल्या संध्याकाळी ठेवली तशीच सपाट होती. तो कोपऱ्याकोपऱ्यात वाकून पाहत हिंडला. मग मधोमध उभा राहून त्याने शड्डू ठोकला. त्याला रडू आवरेना.

"बा," तो म्हणाला, "आखीन एक."

जमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही वाट पाहिली. कोणी आलं नाही.